हुकमाची भाषा कोणाची?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

‘लिंक नाही.’ हे दोन शब्द माहीत नसलेला माणूस यवतमाळ जिल्ह्यात शोधूनही सापडायचा नाही. पीककर्जाचे, अनुदानाचे किंवा निराधार योजनेचे पैसे काढायला माणूस सकाळच्या एसटीने तालुक्याला येतो, रांगेत उभा राहतो आणि खिडकीपाशी पोहोचला की त्याला हे दोन शब्द ऐकायला मिळतात. मग तो बाहेर जाऊन चहा घेतो, परत येतो आणि विचारतो, ‘लिंक आली का?’ लिंक म्हणजे जणू लहरी पाहुणी. ती कधी येईल आणि कधी उठून जाईल, याचा भरवसा नाही.

ही लिंक जाण्याची कारणे अनेक असतात. रस्त्याच्या खोदकामात केबल तुटते, वीज जाते, यंत्र जळते. पण कधी कधी केबल शाबूत असते, वीज असते, यंत्रही चालू असते. चुकलेला असतो तो फक्त एक शब्द. कुठल्या तरी मोठ्या शहरात बसलेल्या माणसाने दूरच्या एका यंत्राला दिलेल्या हुकमातला शब्द. त्या यंत्राला स्विच म्हणतात आणि त्याच्याशी ज्या भाषांत बोलावे लागते, त्या भाषांचा इतिहास हा आजचा माझा विषय आहे. मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रविद्या हा माझा प्रांत नव्हे. पण शब्द हा माझा प्रांत आहे आणि हा सगळा शब्दांचाच मामला आहे.

आधी स्विच म्हणजे काय ते पाहू. घरातल्या दिव्याचे बटण आपल्याला माहीत आहे, हा तो स्विच नव्हे. एखाद्या कचेरीत वीस संगणक आहेत. त्यांना एकमेकांशी आणि बाहेरच्या जगाशी बोलायचे आहे. त्या सगळ्यांच्या तारा ज्या एका चपट्या डब्यात येऊन मिळतात, तो डबा म्हणजे स्विच. पूर्वी या जागी हब नावाचा डबा असे. त्याची रीत दवंडीसारखी होती. एकासाठी आलेला निरोप तो साऱ्यांना ओरडून सांगे. स्विच पोस्टमनसारखा वागतो. कोणत्या तारेच्या टोकाला कोण राहतो, हे तो लक्षात ठेवतो आणि ज्याचा निरोप त्यालाच नेऊन देतो. गावोगावच्या अशा नेटवर्कांना एकमेकांशी जोडून दूरची वाट दाखवणारा तो राउटर. आज एकाच यंत्रात दोन्ही कामे होतात.

या पोस्टमनला कामाची वाटणी समजावून सांगावी लागते. कोणत्या तारेवर काय सोडायचे, काय अडवायचे, कोणाचे कोणाला दिसू द्यायचे नाही, हे सारे. आणि ते सांगायचे असते काळ्या पडद्यावर, एकेक ओळ टाइप करून. चित्रे आणि माउस यांच्या जमान्यात अजून ही जुनी पद्धत का, असा प्रश्न पडेल. कारणे साधी आहेत. चित्रे पाठवायला रुंद वाट लागते. शब्द बारीक वाटेवरूनही जातात. शब्दांची नोंद ठेवता येते, ते दुसऱ्याला जसेच्या तसे पाठवता येतात आणि एकदा लिहिलेले शंभर यंत्रांना ऐकवता येतात. माणसाने लिपी शोधली, तीही थोड्याफार अशाच कारणांसाठी.

स्विच हा शब्द मुळात टेलिफोनच्या घरातला. एक्स्चेंजचे काम म्हणजेच स्विचिंग. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिलेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या काळी हुकूम माणसाला द्यावा लागे आणि ऑपरेटर हाताने दोरी जोडत असे. मग एक्स्चेंजच संगणकाच्या हाती गेली. १९८४ मध्ये भारत सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. सॅम पित्रोदा तिच्या उभारणीत पुढे होते. त्या संस्थेने खेड्यांसाठी १२८ लाइनींची छोटी स्वयंचलित एक्स्चेंज बनवली. वातानुकूलित खोली नसली तरी ती चालत असे. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर येथे ती पहिल्यांदा बसली. त्याच सुमारास उत्तर प्रदेशात मनकापूरच्या सरकारी कारखान्यात फ्रेंच तंत्राची ई-१० बी जातीची मोठी एक्स्चेंज तयार होऊ लागली. या फ्रेंच घराण्याच्या यंत्रांना नवा ग्राहक जोडायचा हुकूम ‘एबीओ’ या अक्षरांनी सुरू होई. हे ‘एबीओ’ म्हणजे फ्रेंच भाषेतल्या ‘आबोने’चे, म्हणजे वर्गणीदाराचे संक्षिप्त रूप. म्हणजे टेलिफोन खात्यातली कितीतरी साधी माणसे रोज फ्रेंच धातू गिरवत होती आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. भाषा अशीच पसरते. ती कोणाची, हे विचारायला कामाच्या माणसाला वेळ नसतो.

संगणकांच्या नेटवर्कचा पहिला ईथरनेट स्विच बाजारात आला १९९० साली. त्याला सात तारा जोडता येत. तो बनवणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचे नाव ऐकून मी चकित झालो. ते नाव होते ‘कल्पना’. कंपनीच्या संस्थापकांपैकी विनोद भारद्वाज यांनी आपल्या पत्नीचे नाव तिला दिले होते. आज जगभर कोट्यवधी स्विच आहेत. त्यांच्या मूळपुरुषाच्या कपाळावर आपल्याला ओळखीचे नाव होते, ही गोष्ट आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या किती विद्यार्थ्यांना ठाऊक असेल?

‘कल्पना’ कंपनी १९९४ मध्ये सिस्कोने विकत घेतली. ही सिस्को १९८४ मध्ये लेनर्ड बोसॅक आणि सँडी लर्नर या जोडप्याने काढली. दोघेही स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणक सांभाळत होते. तिथे विल्यम येगर यांनी लिहिलेल्या प्रणालीवर सिस्कोचे पहिले यंत्र उभे राहिले आणि १९८७ मध्ये विद्यापीठाने रीतसर परवाना दिला. सिस्कोच्या आज्ञाप्रणालीचे नाव आयओएस. स्टॅनफर्डमधल्या मोठ्या संगणकांवर टॉप्स-२० नावाची प्रणाली होती. त्यात हुकूम लिहिताना अडलात तर प्रश्नचिन्ह टाकायचे. पुढे कोणते शब्द चालतील, त्यांची यादी यंत्रच दाखवी. शब्द पुरा लिहायचीही गरज नसे. ओळख पटण्यापुरती अक्षरे पुरत. हीच सवय सिस्कोच्या भाषेत आली. ‘कॉन्फिगर टर्मिनल’ या लांबलचक हुकमाचे ‘कॉन्फ टी’ झाले. तारेच्या शब्दाशब्दाला पैसे पडत तेव्हा आपणही असेच लिहीत होतो.

या भाषेचे व्याकरण गमतीचे आहे. कोणताही हुकूम रद्द करायचा तर त्याच्या आधी ‘नो’ लावायचे. राउटरची दारे सुरुवातीला बंद असतात. दार बंद करण्याचा हुकूम ‘शटडाउन’. मग दार उघडायचा हुकूम काय? ‘नो शटडाउन’. म्हणजे ‘उघड’ असे म्हणायचे नाही. ‘बंद नको’ म्हणायचे.

दुसरे वैशिष्ट्य अधिक गंभीर आहे. या भाषेत ओळ लिहून एंटरची कळ दाबली की हुकूम त्याच क्षणी अमलात येतो. पण तो यंत्राच्या तात्पुरत्या स्मरणात राहतो. पक्का करायचा तर ‘राइट मेमरी’ हा वेगळा हुकूम द्यावा लागतो. तो द्यायचा राहिला आणि वीज गेली, की यंत्र पुन्हा सुरू होताना मधले सगळे विसरते. २००५ नंतरच्या काही वर्षांतले विदर्भातले भारनियमन आठवा. तासन्‌तास वीज नाही, बॅटरी उतरलेली. अशा ठिकाणी ‘राइट मेमरी’ हे दोन शब्द किती मोलाचे असतील!

सिस्कोच्याच घरात काही वर्षे दोन भाषा नांदत होत्या. १९९३ मध्ये तिने क्रेसेंडो ही कंपनी घेतली. तिच्या स्विचांची बोली वेगळी होती. पुढे तिला कॅटओएस म्हणू लागले. आयओएसमध्ये आधी एखाद्या दाराशी जायचे आणि मग त्याच्यापुरते बोलायचे. कॅटओएसमध्ये दाराशी जाणे नाही. अंगणात उभे राहूनच ‘सेट’, ‘शो’, ‘क्लिअर’ अशा क्रियापदांनी सगळे सांगायचे. ‘सेट’ म्हणजे कर, ‘शो’ म्हणजे दाखव, ‘क्लिअर’ म्हणजे पूस. काही मोठ्या यंत्रांत तर स्विचचा भाग एक बोली समजे आणि राउटरचा भाग दुसरी. एकाच पेटाऱ्यात दोन बोली! सून माहेरची भाषा बोलते आणि सासू सासरची, तसे काही दिवस चालले. शेवटी आयओएस उरली आणि कॅटओएस मागे पडली.

मग आली जुनिपर. ही कंपनी १९९६ मध्ये प्रदीप सिंधू यांनी काढली. ते आयआयटी कानपूरचे विद्यार्थी. १९९८ मध्ये तिचे पहिले मोठे राउटर आले. त्याची भाषा जुनॉस. ही भाषा हुकूम कसा देते, यापेक्षा माणूस चुकतो हे किती गांभीर्याने घेते, ते मला महत्त्वाचे वाटते. जुनॉसमध्ये तुम्ही लिहिलेली ओळ लगेच अमलात येत नाही. तो मसुदा असतो. हवा तितका बदला, खोडा, जुन्याशी ताडून पाहा. सगळे मनासारखे झाले की ‘कमिट’ म्हणायचे. मगच तो अमलात येतो. आधीच्या प्रतीही यंत्र सांभाळून ठेवते. सध्याची धरून पन्नास. चुकले तर ‘रोलबॅक’ म्हणून मागे जाता येते. कचेरीत टिपणी तयार होते, साहेबांची सही होते, मगच आदेश निघतो. तसाच हा प्रकार.

माझा एक भाचा पुण्यात हेच काम करतो. त्याला मी विचारले, ‘दोन्हींत तुला कोणती बरी वाटते?’ तो म्हणाला, ‘मामू, सिस्कोत बोललं ते झालं. जुनिपरमध्ये कमिट म्हणेपर्यंत काही बोललोच नाही, असं समजायचं.’ मुशायऱ्यात शेर वाचला की तो श्रोत्यांचा झाला. वहीत लिहिलेला मात्र दहा वेळा खोडता येतो. फरक मला लगेच कळला.

पण या मसुद्याच्या भाषेत आणखी एक सोय आहे आणि ती आपल्यासारख्या लांबलचक जिल्ह्यासाठी मोठी आहे. झरी-जामणी जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, तेलंगणाच्या सीमेवर आहे. समजा, तिथल्या एखाद्या स्विचला नागपुरात बसून कोणी हुकूम देत आहे. ज्या तारेवरून तो बोलतो आहे, तीच तार त्याच्या चुकीच्या हुकमाने बंद पडली तर? ज्या फांदीवर बसला तीच तोडली! आता चूक दुरुस्त करायचा हुकूमही तिथे पोहोचणार नाही. कोणीतरी गाडी काढून शंभर कोसांच्या हिशेबाने निघायचे, खोलीची किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला शोधायचे आणि यंत्राला वायर लावून समोर बसायचे. तोवर बँकेतली माणसे चहा पीत बसणार. यावर जुनॉसचा उपाय ‘कमिट कन्फर्म्ड’. म्हणजे हुकूम अमलात आण, पण दहा मिनिटांत मी पुन्हा ‘हो’ म्हटले नाही, तर माझे काही बरेवाईट झाले असे समज आणि आपण होऊन आधीच्या स्थितीवर जा. विहिरीत उतरणारा माणूस वरच्याला सांगतो ना, ‘थोड्या वेळानं हाक दिली नाही तर दोर ओढ’. तीच ही युक्ती. जुन्या सिस्को यंत्रावर सावध माणसे ‘रिलोड इन टेन’ असा हुकूम आधी देऊन ठेवतात. म्हणजे दहा मिनिटांनी यंत्र आपोआप बंद होऊन चालू होईल आणि पक्के न केलेले बदल विसरेल. विसराळूपणाचा असाही उपयोग!

एका शब्दाने काय होते, याचे या क्षेत्रातले गाजलेले उदाहरण सांगतो. एकाच तारेतून अनेक वेगळी नेटवर्के नेता येतात. लेखा विभागाचे वेगळे, कॅमेऱ्यांचे वेगळे. प्रत्येकाला क्रमांक असतो आणि तारेवर कोणते क्रमांक सोडायचे त्याची यादी असते. समजा, यादीत दहा आणि वीस आहेत आणि तीस वाढवायचा आहे. सिस्कोच्या भाषेत ‘अ‍ॅड’ हा शब्द घालून तीस म्हणायचे. तो शब्द विसरून नुसते तीस म्हटले, तर यंत्र समजते की आता फक्त तीस सोडायचा. दहा आणि वीस त्या क्षणी बंद. जुनॉसमध्ये नुसते तीस म्हटले तरी ते जुन्या यादीतच मिळते. ‘पाटलाला बोलाव’ आणि ‘पाटलालाही बोलाव’ यांत आपल्याकडे एका ‘ही’चा फरक आहे. एक भाषा तो ‘ही’ गृहीत धरते, दुसरी धरत नाही. त्या ‘अ‍ॅड’च्या विसराने किती जणांची झोप उडाली असेल, कोण जाणे.

मोठ्यांचेही असेच होते. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद पडले होते, हे अनेकांना आठवत असेल. कंपनीने नंतर सांगितले की देखभालीच्या कामात आपल्या नेटवर्कची क्षमता तपासण्यासाठी एक हुकूम दिला गेला आणि त्याने सगळे दुवेच तुटले. असे हुकूम अडवायला बसवलेल्या तपासनीस प्रणालीतही दोष निघाला. दुरून काही करता येईना. माणसांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी जावे लागले आणि कडक बंदोबस्तामुळे तिथे शिरायलाही वेळ लागला. झरी-जामणीची जी गत, तीच कॅलिफोर्नियाची.

आता या इतिहासातला सगळ्यात कळीचा प्रश्न. ही भाषा कोणाची?

सिस्कोची भाषा इतक्यांनी शिकली की बाजारात येणाऱ्या दुसऱ्या कंपन्यांना तिच्यासारखेच बोलणे सोयीचे वाटू लागले. जानेवारी २००३ मध्ये सिस्कोने चीनच्या हुआवे कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. मूळ प्रणाली आणि हुकमांची रचना उचलल्याचा तो आरोप होता. हुआवेने आपल्या मालात बदल केले आणि २००४ मध्ये प्रकरण मिटले. आज हुआवेच्या यंत्राला ‘शो’ समजत नाही, ‘डिस्प्ले’ म्हणावे लागते. ‘नो’च्या जागी ‘अनडू’ म्हणावे लागते. शब्द बदलले, पण वाक्याची बांधणी बघितली तर सिस्को जाणणाऱ्याला ते घर परके वाटत नाही.

दुसरा खटला घरातलाच म्हणावा असा. अरिस्टा या कंपनीची सूत्रे २००८ पासून जयश्री उल्लाल यांच्याकडे आहेत. त्या दिल्लीत वाढल्या. १९९३ मध्ये क्रेसेंडोबरोबर त्या सिस्कोत आल्या होत्या आणि तिथे त्यांनी स्विचचा मोठा व्यवसाय उभा केला. अरिस्टाची ईओएस ही प्रणाली लिनक्सवर उभी आहे, पण तिची बोली सिस्कोसारखी. सिस्को येणाऱ्याला नव्याने शिकावे लागू नये हाच त्यामागचा हिशेब. डिसेंबर २०१४ मध्ये सिस्कोने दावा लावला की आमचे पाचशेहून अधिक हुकूम यांनी जसेच्या तसे घेतले. डिसेंबर २०१६ मध्ये सॅन होजे इथल्या ज्युरीने निकाल दिला. नक्कल झाली आहे, असे ज्युरीने मानले. पण कायद्यातल्या एका जुन्या तत्त्वाचा आधार घेऊन अरिस्टाला दोषमुक्त केले. ते तत्त्व असे, की काही प्रसंगांत काही गोष्टी ओघाने येतातच. त्यांवर कोणाची मालकी नसते. लग्नाचे वर्णन करायचे तर मांडव, हळद आणि वरात येणारच. पहिल्यांदा ज्याने लिहिली, त्याने वरातीवर हक्क सांगून कसे चालेल? त्यानंतरही पेटंटचे वाद चालूच होते. ते सगळे ऑगस्ट २०१८ मध्ये अरिस्टाने ४० कोटी डॉलर देऊन मिटवले.

सिस्कोची बाजू अगदीच खोटी नव्हती. शब्द निवडायला, त्यांची घडी बसवायला कोणीतरी वर्षानुवर्षे खपलेले असते आणि त्या श्रमाचा मान राखला पाहिजे. माझी कविता कोणी स्वतःच्या नावावर छापली, तर मीही गप्प बसणार नाही. पण कविता आणि भाषा यांत फरक आहे. कविता एकाची असते. भाषा ती बोलणाऱ्या सगळ्यांची होते. मराठीत लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मुसलमान माणसाला आयुष्यात कितीदा तरी विचारले जाते, ‘तुमचं मराठी इतकं चांगलं कसं?’ विचारणारा कौतुकानेच विचारतो. पण त्या कौतुकात, भाषा त्याची आणि मी पाहुणा, असा एक नकळत हिशेब असतो. मी एवढेच म्हणतो की मी या भाषेत भाकर मागायला शिकलो, ती माझीच आहे.

हुकमाच्या भाषेचा वाद आपल्याला नवा नाही. शिवछत्रपतींच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला. दरबारी फारसी शब्दांना त्यात संस्कृत पर्याय दिले होते. राज्य आपले, तर त्याच्या आज्ञेची भाषाही आपली असावी, ही त्यामागची दृष्टी होती. तरीही आज तहसील कचेरीत आपण ‘अर्ज’ करतो, त्याचा ‘मसुदा’ होतो, तो ‘मंजूर’ होतो आणि ‘हुकूम’ निघतो. दोन्ही प्रवाह मराठीत मिसळले आणि ती श्रीमंत झाली.

यंत्रांच्या भाषांतही शेवटी हेच झाले. सिस्कोने २००४ मध्ये आपल्या मोठ्या राउटरसाठी आयओएस एक्सआर ही प्रणाली आणली, तेव्हा तिच्यात मसुदा आणि ‘कमिट’ची पद्धत घेतली. पुढे अरिस्टानेही तशी सोय दिली. ज्या घरातून शब्द बाहेर गेल्याची तक्रार झाली, त्या घरातही शेजारच्या चालीरीती आल्याच. आता तर शेकडो स्विचना एका दमात सांगणारे प्रोग्राम आले आहेत आणि पुष्कळसे टायपिंग तेच करतात. पण काही बिघडले की माणूस पुन्हा काळ्या पडद्यासमोर येऊन बसतो आणि ‘शो’ म्हणतो.

आपल्या उमरखेड-महागाव, आर्णी-घाटंजीकडची मराठी शाळांत शिकलेली मुले या क्षेत्रात जायला बिचकतात. इंग्रजी जमणार नाही, असे त्यांना वाटते. त्यांना मला सांगायचे आहे की ही इंग्रजी नव्हे. रोजच्या कामाला शे-दीडशे शब्द लागतात. त्यांना काळ नाही, लिंग नाही, विभक्ती नाही. ही कोणाचीच मातृभाषा नाही. लंडनच्या मुलालाही ‘नो शटडाउन’ म्हणजे ‘उघड’ हे नव्यानेच शिकावे लागते. त्यामुळे इथे कोणी जन्माने पुढे नसतो. हुकूम त्या भाषेत द्यावा लागेल; पण त्याचा अर्थ, त्याचे धोके, ‘कमिट’ आणि ‘मसुदा’ यांतला फरक आपल्या मराठीत, हवे तर वऱ्हाडीत, उत्तम सांगता येतो. तसे सांगणारी चार मास्तरमंडळी तालुक्या-तालुक्यात उभी राहिली, तर झरी-जामणीचा स्विच बिघडल्यावर नागपूरहून गाडी निघायची वाट पाहावी लागणार नाही. किल्ली कोणाकडे आहे, हे त्या गावच्या मुलाला ठाऊक असेलच. यंत्राशी बोलायचे कसे, तेवढे त्याला शिकवायचे आहे.